माइंडस्ट्री : सगळे तेच तेच विचारतात ते प्रश्न

मावसभावाच्या फोनमध्ये हा गेम मीच टाकून दिला आणि तीच चूक झाली. आता रोज रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट येतो, खाली "दादा हे का चालत नाहीये". मग त्याच्या मित्राचा मित्र विचारतो, मग तो दुसऱ्याला माझा नंबर देतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, यापुढे प्रश्न आला की हेच पाठवणार. मी व्हर्जन ७ वर खेळलोय, आकडे त्यातलेच आहेत, तुमच्या फोनमध्ये थोडं मागेपुढे दिसलं तर भांडू नका.

हा नक्की कसला गेम आहे? टॉवर डिफेन्स म्हणे, पण सगळे बेल्टच टाकत बसलेले दिसतात.

दोन्ही. परग्रहावर तुमचा एक कोअर, म्हणजे मुख्य तळ, उतरतो, आजूबाजूला तांबं, शिसं, वाळू, कोळसा असतं, ते ड्रिलनं काढायचं, बेल्टवरून कोअरमध्ये आणायचं, त्यातून टॉवर बांधायचे, आणि ठराविक वेळानं शत्रूच्या वेव्ह, म्हणजे टोळ्या, येतात त्या थोपवायच्या. इथवर ठीक, असे गेम ढिगानं आहेत. फरक असा की इथल्या टॉवरला गोळ्या आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक टॉवरपर्यंत माल पोचवायचा, नाहीतर ती नुसती शोभेची वस्तू. त्यामुळे मी सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगतो की इथे तोफा मोजू नका, तोफेपर्यंतचा रस्ता बघा. दहापैकी नऊ जण हरतात ते टॉवर कमी पडले म्हणून नाही, कुठेतरी मागे बेल्ट तुंबला होता आणि कुणी बघितलंच नाही म्हणून.

फुकट आहे का? खरंच फुकट की "फुकट" फुकट?

खरंच. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरवरून किंवा एफ-ड्रॉइडवरून घ्या, कॉम्प्युटरवर इच.आयओ किंवा गिटहबवरून घ्या. स्टीमवर पैसे देऊन मिळतो, तिथे २६ सप्टेंबर २०१९ ला आला. ज्यानं बनवला तो अनुकेन या नावानं ओळखला जातो, २०१७ मध्ये एका गेम जॅमसाठी (ठरलेल्या वेळात गेम बनवायची स्पर्धा) सुरू केलेली गोष्ट वाढत वाढत एवढी झाली. जावामध्ये लिहिलाय, कोड उघडा आहे, जीपीएल ३ लायसन्स, ज्याला बघायचा त्यानं बघावा. खेळताना मध्येच "अमुक डायमंड विकत घ्या" असं काही येत नाही, आणि मोबाईल गेमची सवय असलेल्याला सुरुवातीला हेच चुकल्यासारखं वाटतं.

माझा फोन जुना आहे. आणि नेट?

कॅम्पेनला, म्हणजे एकेक सेक्टर (नकाशा) जिंकत पुढे जायच्या खेळाला, नेट लागत नाही. मी कर्जत लोकलमध्ये खेळायचो, नेरळच्या पुढे रेंज जाते येते, गेमला काही फरक नाही. जुन्या फोनवरही सुरुवातीचे सेक्टर छान चालतात. नंतर नंतर हजार बेल्ट आणि शंभर युनिट (सैनिक, विमानं) झाले की फोन तापणार आणि बॅटरी खाणार, ते गृहीत धरा. मोबाईलवर खरी अडचण बोटांची आहे. बेल्टची लांब लाईन टाकायला दाबून धरून मग ओढायचं असतं, हे बऱ्याच जणांना आठवडाभर कळत नाही आणि एकेक तुकडा टॅप करत बसतात. मीही बसलो होतो.

सुरुवातीलाच दोन ग्रह विचारतो, कुठला घेऊ?

सर्पुलो घ्या. एरेकिर नंतर आलाय, व्हर्जन ७ बरोबर, दिसायला मस्त आहे, पण तिथले धातू वेगळे, बेल्टऐवजी डक्ट, टॉवर वेगळे, सगळंच वेगळं. नेटवर सापडणारे जुने व्हिडिओ बहुतेक सर्पुलोचे असतात, त्यामुळे अडलात तर मदत तिथे जास्त मिळते. खाली मी जे काही लिहिलंय ते सर्पुलोचंच.

बेल्ट टॉवरच्या अगदी बाजूनं जातोय, त्यावर कॉपर पण वाहतंय, तरी टॉवर रिकामा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय.

बेल्ट फक्त तोंडाशी माल टाकतो. ज्या दिशेला बाण आहे त्या दिशेची पुढची वस्तू, बस. बाजूनं कितीही खेटून गेला तरी देत नाही. गावाकडे ज्यानं रानात पाणी दिलंय त्याला हे लगेच कळेल. पाटानं पाणी वाहतंय म्हणून बाजूचा वाफा भिजत नाही, दारं धरावं लागतं. इथे दारं धरायचं काम राऊटर करतो. बेल्टच्या मध्ये मध्ये एकेक राऊटर टाका, राऊटरला चिकटून टॉवर ठेवा. राऊटर आलेला माल तिन्ही बाजूंना वाटतो, दोन टॉवरला आणि पुढच्या बेल्टला. टॉवर भरला की तो घेणं बंद करतो आणि सगळं पुढे जातं.

दुसरा उपाय ब्रिज कन्व्हेयर. त्याचं शेवटचं टोक पुढे आणि दोन्ही बाजूंना माल सोडतं. जागा कमी असेल तिथे हे बरं पडतं.

पण राऊटरला राऊटर चिकटवू नका. दोघं एकमेकांकडे माल टोलवत बसतात, टेबल टेनिस सुरू होतं आणि पुढच्याला काही मिळत नाही. राऊटरची साखळी हा या गेममधला सगळ्यात जुना विनोद आहे आणि नवीन माणूस तो पहिल्याच दिवशी करून दाखवतोच.

डुओ किती लावू?

डुओ म्हणजे सगळ्यात साधा टॉवर. स्वस्त, ३५ कॉपर फक्त, जमिनीवर पण मारतो आणि हवेत पण. ग्राउंड झीरो या पहिल्या सेक्टरमध्ये १० वेव्ह काढायच्या असतात, तिथे सहा-सात डुओ पुरतात. पुढे मात्र कोण कुठे मारतो ते लक्षात ठेवायला लागतं, कारण गेम ते तुमच्या कानात ओरडून सांगत नाही. हेल आणि रिपल हे टॉवर फक्त जमिनीवर. स्कॉर्च पण जमिनीवरच, कोळशावर चालतो, रेंज अगदी कमी पण जवळ आलेल्याला भाजून काढतो, सुरुवातीच्या सेक्टरमध्ये माझा सगळ्यात आवडता. लान्सर आणि आर्क विजेवर चालतात, तेही जमिनीवर. स्कॅटर उलटा, फक्त हवेत. भावानं एकदा कोअरभोवती बारा हेल लावले आणि मग चार फुटकळ विमानांनी येऊन त्याचं सगळं होत्याचं नव्हतं केलं, एकही हेल हलला नाही. तो म्हणाला बग आहे. बग नाही रे, वाच ना वर काय लिहिलंय ते.

टॉवर गोळ्या मारतोय, लागतायत पण, तरी समोरचा मरत नाही.

चिलखत. प्रत्येक गोळीच्या डॅमेजमधून समोरच्याचं चिलखत वजा होतं. शत्रूच्या जमिनीवरच्या युनिटमधला साधा डॅगर, त्याला चिलखत नाही. मेसला ४. फोर्ट्रेसला ९. आणि डुओची कॉपरची गोळी किती? ९. म्हणजे नऊ वजा नऊ, गेम अगदी शून्य होऊ देत नाही, थोडंफार लागतं, पण ते डास चावल्यासारखं. त्याच डुओमध्ये ग्रॅफाईट टाकलं की डॅमेज १८, म्हणजे फोर्ट्रेसला निम्मं तरी लागतं. नवीन टॉवर न बांधता नुसता माल बदलून एवढा फरक पडतो, आणि लोक काय करतात तर कॉपरवरचे अजून वीस डुओ लावतात.

म्हणून फ्रोझन फॉरेस्ट या सेक्टरमध्ये कोळसा दिसला की ग्रॅफाईट प्रेस आधी. दोन कोळसे आत, एक ग्रॅफाईट बाहेर.

एक खोच आहे. टॉवरमध्ये दोन प्रकारचा माल गेला तर जो शेवटी आला तो आधी वापरला जातो. त्यामुळे कॉपर आणि ग्रॅफाईट एकाच बेल्टवर सोडलं की अर्धा वेळ तुम्ही कॉपरच मारताय. टॉवरच्या लाईनला एकच माल द्या.

सिलिकॉन स्मेल्टर पाच मिनिटं चालतो आणि बंद पडतो. वीज आहे, कोळसा आहे, वाळू आहे.

यावर थोडं सावकाश लिहितो कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गेम बसला.

स्मेल्टरला एका सिलिकॉनसाठी एक कोळसा आणि दोन वाळू लागतात. तुम्ही काय केलं असणार, तर कोळशाचे चार ड्रिल आणि वाळूचे चार ड्रिल एकाच बेल्टवर जोडले आणि बेल्ट स्मेल्टरमध्ये खुपसला. पहिल्या मिनिटाला सगळं छान. पण वाळू दुप्पट लागते आणि कोळसा जवळपास तेवढाच येतोय, म्हणजे कोळसा उरतो. स्मेल्टरच्या पोटातली कोळशाची जागा भरते. आता बेल्टच्या तोंडाशी कोळशाचा तुकडा आहे, आत जागा नाही, तो तिथेच थांबला. त्याच्या मागे वाळू उभी आहे, ती आत जायला तयार आहे, स्मेल्टर तिची वाटही बघतोय, पण पुढचा हलत नाही तर ती कशी जाणार. अरुंद बोळात टेम्पो आडवा लागला की मागच्या ॲम्ब्युलन्सचं जे होतं तेच. अख्खा बेल्ट थांबतो आणि वर बघितलं तर सगळं "आहे". वीज आहे, कोळसा आहे, वाळू आहे.

सोपा उपाय, दोन वेगळे बेल्ट, कोळसा एका बाजूनं, वाळू दुसऱ्या बाजूनं. स्मेल्टर तीन बाय तीनचा आहे, बाजू भरपूर आहेत. तिसऱ्या बाजूनं सिलिकॉन काढून घ्या. ते बाहेर न्यायचा बेल्ट स्मेल्टरकडे तोंड करून लावू नका, हसू नका, हेही बघितलंय.

दुसरा उपाय, मिक्स बेल्ट ठेवायचाच असेल तर तो स्मेल्टरशी संपवू नका. स्मेल्टरच्या आधी ओव्हरफ्लो गेट लावा, पुढे जागा नसेल तर ते माल बाजूला सोडतं, आणि ती बाजू थेट कोअरकडे न्या. कॅम्पेनमध्ये कोअर भरला तरी जास्तीचा माल जाळून टाकतो, नाही म्हणत नाही, त्यामुळे ज्या बेल्टचं शेवटचं टोक कोअरमध्ये आहे तो कधी तुंबत नाही.

आणि वाळूचे ड्रिल वाढवा. पूर्ण वेगानं चालणारा एक स्मेल्टर सेकंदाला ३ वाळू खातो, साध्या मेकॅनिकल ड्रिलच्या तीन-चारात ते भागत नाही. जवळ पाणी असेल तर पंप लावून ड्रिलला पाणी द्या, वेग २.५६ पट होतो. क्रेटर्स नावाच्या सेक्टरमध्ये हेच शिकवायचा प्रयत्न आहे पण लोक तिथून पळत सुटतात.

विजेचं गणित सांग.

कम्बशन जनरेटर सेकंदाला ६० युनिट देतो, सिलिकॉन स्मेल्टर ३० घेतो. म्हणजे एकावर दोन. जनरेटर दोन सेकंदाला एक कोळसा खातो, त्याचा बेल्ट वेगळा ठेवा. वीज कमी पडली तर काही बंद पडत नाही, सगळंच हळू होतं, व्होल्टेज कमी असलेल्या पंख्यासारखं, म्हणून पटकन लक्षात येत नाही. विजेवरचे टॉवर आणि कारखाने एकाच जाळ्यात ठेवू नका, ऐन वेव्हमध्ये लान्सर गरगरत बसतो. बॅटरी दोन-चार टाकून ठेवा. छोट्या सोलर पॅनेलच्या नादी सुरुवातीला लागू नका, अगदीच थेंब थेंब वीज.

सगळे टॉवर समोर आहेत आणि विमानं मागून येऊन जनरेटर उडवतात.

विमानं रस्ता बघत नाहीत, सरळ येतात, आणि प्रत्येकाची आवड ठरलेली आहे. फ्लेअर जनरेटर शोधतो. होरायझन कारखाने शोधतो, त्याच्याकडे बंदूक नाही, नुसता वरून बॉम्ब टाकत जातो. मग स्कॅटर कुठे लावायचा हे सांगायला लागतं का? जनरेटरपाशी आणि स्मेल्टरपाशी. स्कॅटरला शिसं, स्क्रॅप किंवा मेटाग्लास चालतं, शिसं तर सगळीकडे असतं.

कोळशाच्या बेल्टवर बॉम्ब पडला की आग लागते आणि ती पसरते. वेव्ह नावाचा टॉवर पाणी मारून विझवतो, एक तरी ठेवा. (नाव पण काय, शत्रूची वेव्ह आणि हा वेव्ह, मराठीत समजावताना माझी वाट लागते.)

भिंती घालून शत्रूला लांबून फिरवता येतं का, बाकीच्या टॉवर डिफेन्ससारखं?

फारसं नाही. जमिनीवरचे कोअरकडे जायचा रस्ता शोधतात, पण तुमच्या भिंती त्यांना अडथळा वाटतात, डोंगर नाही. फारच फेरा पडत असेल तर सरळ भिंत फोडून येतात. भिंतीचा उपयोग मार खायला. टॉवरच्या पुढे दोन घरं सोडून भिंत, मागे मेंडर (आजूबाजूचं मोडकं दुरुस्त करणारा ब्लॉक). क्रॉलर येऊन फुटतात ते भिंतीवर फुटलेले बरे. आणि शत्रू उतरतो त्या गोलात काही बांधू नका, ते उडतंच.

टायटॅनियमवर ड्रिल बसतच नाही.

मेकॅनिकल ड्रिलला झेपत नाही, न्यूमॅटिक घ्या. थोरियमला लेझर ड्रिल.

कोअरमध्ये चार हजार ग्रॅफाईट पडलंय आणि टॉवर उपाशी. कोअरमधून काढता येतं का?

येतं, अनलोडर. कोअरला चिकटवायचा, त्यात कुठला माल हवा ते निवडायचं, आणि बेल्ट जोडायचा. टायटॅनियम आणि सिलिकॉन लागतं म्हणून थोडा उशिरा मिळतो, पण मिळाला की खेळायची पद्धतच बदलते. सगळा माल आधी कोअरमध्ये, तिथून अनलोडरनं जिकडे पाहिजे तिकडे. खाणीपासून टॉवरपर्यंतचे ते लांबलचक बेल्ट काढून टाका, एक तुटला तरी अख्खी आघाडी उपाशी राहायची. ४००० ही पहिल्या कोअरची, म्हणजे शार्डची मर्यादा आहे, फाउंडेशनमध्ये ९०००, न्यूक्लिअसमध्ये १३०००.

मी एका सेक्टरमध्ये खेळत होतो आणि दुसऱ्यावर हल्ला झाला. हे काय?

तुम्ही नसलात तरी बाकीच्या सेक्टरचं घड्याळ चालू असतं. चांगली बाजू, तिथले ड्रिलही चालू असतात, लाँच पॅड लावला तर माल इकडे पाठवता येतो. वाईट बाजू तुम्ही बघितलीच. निघायच्या आधी दोन मिनिटं थांबून एक वेव्ह नुसती बघा, काही हात न लावता. टॉवरांनी स्वतः निभावलं तर निघा. पॉली युनिट बनवता आले तर दोन-तीन सोडून द्या, तुटलेलं सगळं ते पुन्हा बांधतात.

सेक्टर हरलो तर सगळं जातं?

त्या सेक्टरमधलं जातं. केलेला रिसर्च जात नाही. परत उतरा.

मित्रांबरोबर कसं खेळायचं?

एका वायफायवर किंवा एकाच्या हॉटस्पॉटवर असाल तर एकानं होस्ट करायचं, बाकीच्यांच्या यादीत तो दिसतो. फोनवाला आणि लॅपटॉपवाला एकत्र खेळू शकतात, फक्त दोघांचं व्हर्जन एकच हवं, न जुळण्याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं. कामं वाटून घ्या. आम्ही दिवाळीत चौघं बसलो होतो, चौघांनाही टॉवरच बांधायचे होते, खाणीकडे कुणी बघेना, तेराव्या वेव्हला तांबं संपलं आणि फराळाच्या ताटावर भांडणं झाली.

स्किमॅटिक कॉपी करणं म्हणजे चीटिंग ना?

स्किमॅटिक म्हणजे सेव्ह करून ठेवलेला बांधकामाचा नमुना. माझं मत विचाराल तर पहिला स्मेल्टर स्वतः बांधा, तुंबवा, सोडवा. तिसऱ्यांदा तोच बांधताना खुशाल स्वतःचा सेव्ह करून ठेवा, गेमनं सोय त्यासाठीच दिलीय. दुसऱ्याचा नेटवरून आणलेला वापरला तर चालतो, पण बिघडला की कुठे बिघडला ते कळत नाही आणि मग रात्री साडेअकराला मला स्क्रीनशॉट येतो.

प्रोसेसर ब्लॉक आहे, त्यात कोड लिहायला लागतो का?

लागतो असं नाही, आवड असेल तर. छोट्या छोट्या सूचना एकाखाली एक लावायच्या, कोअरमध्ये अमुक इतकं झालं की तमुक बंद कर वगैरे. एकही प्रोसेसर न लावता गेम आरामात पुढे जातो. इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र याचं व्यसन लागतं, टॉवर राहतात बाजूला.

थोरियम रिअ‍ॅक्टर लावू का? वीज खूप देतो म्हणे.

देतो. आणि क्रायोफ्लुइड थांबलं की फुटतो, आजूबाजूचं सगळं घेऊन. क्रायोफ्लुइड म्हणजे पाणी आणि टायटॅनियम मिसळून केलेलं थंड पाणी. ते बनवायला मिक्सर, मिक्सरला वीज, आणि मी महाशहाणा, ती वीज मी रिअ‍ॅक्टरमधूनच घेतली होती. वेव्हमध्ये एक पॉवर नोड (वीज जोडणारा खांब) उडाला, मिक्सर बंद, रिअ‍ॅक्टर तापायला लागला, मी झूम करून नोड शोधतोय. नोड सापडला, बोट लावलं, आणि स्क्रीन पांढरी. कोअरच्या इतक्या जवळ बांधला होता की जे काही गेलं त्यात काय काय होतं ते मोजायलाही काही उरलं नाही.

लावायचाच तर कोअरपासून लांब, मिक्सरची वीज वेगळ्या जनरेटरवर, आणि क्रायोफ्लुइडची एक टाकी मध्ये भरून ठेवा म्हणजे धावपळ करायला वेळ मिळतो. मी सध्या कोळशावरच आहे.